कावळ्याने घेतलेला शब्द

॥ श्री ॥

व्होल्केनो ग्राम, हवाई बेट
फाल्गुन वद्य प्रतिपदा, दि. १५ मार्च

जी कृपा अग्नीला तळाशी कोंडते, त्यावर माती पसरते आणि त्या मातीतून जोंधळा पिकवते, तिला वंदन करून हे पत्र लिहावयास घेतो.

तीर्थस्वरूप मंजुळाअक्का यांचे चरणी धाकटा भाऊ अर्जुन याचा साष्टांग नमस्कार.

टपालाने धाडलेले पत्र बीबीस पोहोचण्यापूर्वी मीच घरी, हिवरा आश्रमास, परतेन. म्हणून मी कागदावर लिहितो, माझी नात छकुली त्याचे छायाचित्र तुमच्या नातीच्या, डिंपलच्या, फोनवर पाठवते, आणि डिंपल तुम्हांस वाचून दाखवील. फोनवर बोलावे असे मुलाचे, हर्षलचे, म्हणणे. मला बोलणे जमत नाही. लिहिणे जमते.

आम्ही चौघे सुखरूप आहोत. हर्षल आणि सूनबाई अर्पिता यांनी येथे लाकडी घर भाड्याने घेतले आहे. ज्वारीचे पीठ मी बरोबर आणले होते, भाकरी मिळते. तिथी मी येथील सूर्योदय धरून मोजतो. स्नानानंतर संकल्प करताना देशाचे नाव घ्यावे लागते. पहिल्या दिवशी सवयीने भरतखंड म्हणालो आणि तेथेच थांबलो. तेव्हापासून देशाच्या जागी काही म्हणत नाही.

तुम्ही स्वतः पाहिलेलेच पुन्हा लिहितो, कारण लिहिल्यावाचून ते मला नीट दिसत नाही. श्रावणात हर्षलची आई, कोकिळा, गेली. दहाव्या दिवशी मेहकरला पैनगंगेच्या काठी पिंड मांडला. बाभळीवर सात कावळे होते, एकही उतरेना. मी म्हणालो, ‘पोथी सोडणार नाही.’ उतरेना. अर्पिता म्हणाली, ‘आई, बाबांना आम्ही सांभाळू.’ उतरेना. दीड तास गेला. गुरुजींनी अखेर दर्भाचा कावळा वळावयास घेतला. तेव्हा हर्षल पुढे झाला आणि मोठ्याने म्हणाला, ‘आई, तू फोनवर पाहिला होतास ना, समुद्रात जाणारा अग्नी, तो बाबांना दाखवून आणतो.’ शब्द संपतो न संपतो तोच एक कावळा उतरला, पिंडाला चोच लावून गेला.

त्या शब्दासाठी मी येथे आलो आहे. कोकिळेची इच्छा पुरी व्हावी एवढेच माझे मागणे आहे. छकुलीला मात्र आपण सहलीला आलो असे सांगितले आहे.

काल धबधबा पाहिला. उंच होता. त्यानंतर एक भुयार पाहिले. पूर्वी त्यातून तप्त रस वाहत असे, आता माणसे चालतात. रस्त्याच्या कडेला जमिनीच्या भेगांतून वाफ निघते, तिच्यावर लोक हात शेकतात. मीही हात शेकले. हर्षल दर वेळी विचारतो, “बाबा, पाहताय ना?” मी म्हणतो, “पाहतो आहे.” आणि मी पाहतोच आहे, अक्का. पाहिलेले आत मात्र जात नाही.

ज्या पर्वतासाठी आलो तो किलाउआ सध्या निजला आहे. तो एक दिवस उसळतो आणि आठवडाभर शांत राहतो म्हणे. आम्ही वाट पाहत आहोत.

एका गोष्टीचा आधार वाटतो. श्रावणातल्या सप्ताहाचे सातही दिवस, पोथी आणि प्रवचन सोडून, माझे मौन होते. त्यात कोकिळेने एकदाही व्यत्यय आणला नाही, सांगता होऊ दिली, आणि दुसऱ्या पहाटे कोणाला त्रास न देता गेली. प्रवचनात मी हे सांगतो तेव्हा बाया डोळे पुसतात. माझे डोळे कोरडे असतात.

तुमचा,
अर्जुन

●

बीबी, ता. लोणार
१७ मार्च

चि. अर्जुनास मंजुळाचे अनेक आशीर्वाद.

(आजोबा, मी डिंपल. आजी जशी बोलते तशीच लिहून राह्यली. ती म्हणे, सुधरवू नको.)

अर्जुना, तुहं पत्र पोचलं. डिंपलनं दोनदा वाचलं. भिमाबाई शेजारून आयकाले आली होती, ते म्हणे, “भाऊ एवढ्या दूर गेला अन् लिवते काय, तं धबधबा उंच होता!” मी म्हटलं, तो लहानपणापासून असाच आहे. लग्नात नवरी पाहून आला तवा मायनं इचारलं, “कशी आहे रे?” तं म्हणे, “आहे.”

भाकर कोण थापते? अर्पिता खामगावची पोरगी, तिले येत असंन. तुह्या दाताले कडक होत असंन तं दुधात कुस्करून खाय. लाजू नको.

इकडं गहू निघाला. हरभरा घरात आला. होळीले आपल्याकडं यंदा सण नाई, तं भिमाबाईनं पुरणाच्या चार पोळ्या आणून देल्ल्या. मी एक खाल्ली. कोकिळेच्या हातची आठवली, मंग दुसरी नाई गेली.

आगीच्या डोंगराचं वाचलं. आपल्या हिरीत खाली जो काळा फत्तर लागला होता, सुरुंग लावला तरी फुटेना, तोबी असाच थिजलेला रस आहे म्हंते डिंपल. मंग एवढं इमानाचं भाडं कायले खर्चलं? हिरीत वाकून पाह्यलं असतं! तिथला एक गोटा आणजो तुळशीजवळ ठेवाले.

आता दुसरं. कोकिळा कोणाले तरास न देता गेली असं तू जिथं तिथं सांगतं. ते आता सांगत नको जाऊ. मी मोठी आहो म्हणून सांगतो. कावळा शिवला तवा एकटा हर्षलच बोलला नव्हता. मीबी

(आजोबा, आजी इथं थांबली अन् उठून गेली. मी लय डाव इचारलं, तं म्हणे, “एवढंच धाड.” तिनं चहाबी नाई घेतला. डिंपल.)

●

॥ श्री ॥

व्होल्केनो ग्राम
फाल्गुन वद्य चतुर्थी, दि. १८ मार्च

तीर्थस्वरूप अक्कांचे चरणी साष्टांग नमस्कार.

गोटा आणता येणार नाही. येथील लोक या पर्वताला देवीचे घर मानतात. तेथील दगड उचलू नये असा त्यांचा दंडक आहे. उचलून नेलेले दगड लोक पुढे पश्चात्तापाने टपालाने परत पाठवतात. छकुलीने एक खिशात घातला होता, तो मी जागच्या जागी ठेवावयास लावला. आपणही देवळातली वस्तू घरी आणत नाही.

काल हर्षलने काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर नेले. वाळू आपल्या पेरणीआधीच्या शेतासारखी काळी. तिच्यावर मोठी कासवे झोपली होती. अर्पिताने मला त्यांच्यापासून योग्य अंतरावर उभे करून छायाचित्र काढले. त्यात मी आणि कासव यांच्या चेहऱ्यांत भेद दिसत नाही असे छकुली म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो असेन.

थिजलेल्या रसाच्या पठारावर ओहिया नावाचे झाड पाहिले. खाली माती नाही, फटीत मूळ आहे, आणि वर तांबडे फूल आहे. मी त्याच्याजवळ बराच वेळ उभा राहिलो. काही सुचले नाही.

एका फलकावर येथल्या कावळ्याचे चित्र होते. हर्षलने वाचून दाखवले. या बेटाच्या रानात तो आता उरलेला नाही. जे थोडे शिल्लक आहेत त्यांना माणसे पिंजऱ्यात वाढवतात, पुन्हा रानात सोडता यावेत म्हणून. मी विचारले, “मग येथे मेलेल्यांचे काय होते?” हर्षल म्हणाला, “बाबा, प्लीज.”

काल संध्याकाळी जेवताना त्याचा बांध फुटला. पर्वत अजून निजलेला, परतीची तिकिटे बाविसाव्या तारखेची. शिवाय त्याला येथे आल्यावर कळले की रस आता समुद्रापर्यंत जातच नाही. काही वर्षांपूर्वी जात होता, ते जुने दृश्य आईने फोनवर पाहिले होते. आता जे उसळते ते विवरातच राहते. अर्पिता म्हणाली, “अहो, आई काय रागावणार आहेत का? त्यांनी सहज म्हटलं होतं.” त्यावर तो ताट सरकवून उठला. इतकी वर्षे परदेशात पुण्यामुंबईच्या लोकांत राहून त्याची भाषा तशी झाली आहे, परंतु तेव्हा एकदम घरची बाहेर आली. “सहज कसं? मी आईले वचन देल्लं होतं! कावळा शिवला होता!” छकुली त्याच्याकडे पाहत राहिली. असे बोलणारा बाप तिने कधी पाहिला नव्हता.

मी त्याला धीर देणारे काही बोलावयास हवे होते. आयुष्यभर इतरांच्या घरी जाऊन तेच केले. मी त्याचे ताट झाकून ठेवले.

म्हणून तुम्हांला विचारतो. त्या दिवशी तुम्ही माझ्या डाव्या हाताला, तोंडावर पदर घेऊन उभ्या होता. हर्षलच्या आवाजात तुमचा शब्द मला ऐकू आला नाही. तुम्ही काय बोललात? कावळ्याने तुमचा शब्द घेतला असेल तर माझ्या मुलावरचे ओझे उतरेल. आणि तिला खरोखर काय हवे होते ते मला कळेल. मला तेवढेच हवे आहे.

तुमचा,
अर्जुन

●

बीबी
१९ मार्च

अर्जुना,

हे मी माह्या हातानं लिवतो. चौथीपावतर शिकली होती, तेवढ्यावर वाच. डिंपल कॉलेजात गेली. फोटो भिमाबाई काढंन. तिले अक्षर येत नाई, फोटो येते. तेच बरं.

कोकिळेले आखाडापासून दुखे. छातीत, अन् डाव्या हातात. पाणी भरून आली का वट्ट्यावर बसे, बोलता येत नव्हतं. माह्याजवळ आली तवा मी पाह्यलं. मी म्हटलं, चाल खामगावले, मोठ्या डाक्टरले दाखवू. ते म्हणे, “आक्काबाई, सप्ताह तोंडावर आहे. यांचं आसन ठरलं, गावाले आवतन गेलं. आता मी दवाखान्यात गेली तं ते उठतीन. आसनावरून उठवू नका त्याईले.” माहा हात आपल्या डोक्शावर ठेवला अन् त्याईले सांगू नका म्हणून मले शपथ घातली. मी बसली गप. मी मोठी, मले कळाले पाहिजे होतं. मी गप बसली.

सप्ताहाच्या चौथ्या दिवशी दुपारी तुही पोथी थांबली होती. मी मांडवाच्या खांबाजवळ फुलं निवडत होती. कोकिळा तुह्यासाठी दुधाचा पेला घेऊन आली. खाली ठेवला. मंग तिथंच उभी राह्यली. म्हणे, “जरा बोलायचं होतं.”

तू हात वर केला.

तुहं मौन होतं. तुही काय चूक. पण तू मान वर करून पाह्यलंबी नाई.

ते माह्याकडं आली. हासली. म्हणे, “तीनच दिवस तं राह्यले, आक्काबाई.” सांगता झाली त्या दिवशी तिनं पंगतीत स्वतः वाढलं. मी पाह्यलं, बुंदीचं ताट दोन डाव खाली ठेवलं तिनं. पहाटे गेली.

पैनगंगेवर कावळा उतरेना तवा मले समजलं. ते माही शपथ सोडवून मागत होती. मी पदराआड म्हटलं, “कोकिळे, तुहं दुखणं मी त्याले सांगतो. तू जाय.” तवाच हर्षल वरडला अन् तवाच तो उतरला. कोणाचा शब्द घेतला ते त्या पाखरालेच ठाऊक.

पण मी सांगतलं नाई. तेरवीच्या दिवशी तू सगळ्यायले सांगून राह्यला होता, कशी पुण्यवान, कशी बिनतरासाची गेली. तुहं तोंड पाहून माही जीभ नाई उचलली. मंग उद्या सांगू, परवा सांगू. सात महिने झाले. हर्षलनं तं शब्द पाळाले समुद्र ओलांडला. मले हिवऱ्यापावतर येणं नाई झालं.

तुले राग येईन. येऊ दे.

मंजुळा

●

॥ श्री ॥

व्होल्केनो ग्राम
फाल्गुन वद्य षष्ठी, दि. २० मार्च

तीर्थस्वरूप अक्कांचे चरणी साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र काल मिळाले. छकुलीला मराठी अक्षरे लागत नाहीत, त्यामुळे तिने फोन माझ्या हाती दिला आणि ती खेळावयास गेली. मी वाचले. नंतर भाकरी खाल्ली. नंतर पुन्हा वाचले.

राग आला नाही. राग येण्यास आत जे काही असावे लागते तेही सध्या जागेवर नाही. तुमचा शब्द मात्र पुरा झाला. त्याची चिंता करू नये.

मला तो पेला आठवतो. स्टीलचा, काठावर साय आलेली. त्यामागे साडीचा काठ होता, हिरवा. त्याच्या वर मी पाहिले नाही. वाणीचा संयम केला म्हणजे मन अंतर्मुख होते असे मी चाळीस वर्षे सांगत आलो. त्या वेळी माझे मन सायंकाळी सांगावयाच्या दृष्टान्तात होते. हेही लिहून ठेवतो, कारण मौनाला दोष लागू नये. मान वर करण्यास मौन आड येत नाही.

आज सकाळी नवाच्या सुमारास पर्वत जागा झाला. हर्षल आंघोळीतून तसाच बाहेर आला. गाडीने विवराजवळ गेलो, पुढे कडेपर्यंत पायी. दोन मुखांतून अग्नी उसळत होता, झाडांहून कितीतरी उंच. खामगावच्या जिनिंगमध्ये सगळी यंत्रे एकदम सुरू व्हावीत तसा आवाज, आणि तो थांबत नाही. शास्त्रकारांनी समुद्राच्या पोटी वडवानल सांगितला आहे, तो असाच असेल. हे मला सुचले, आणि सुचूनही काही वाटले नाही.

तेथे एका दगडी बाकावर मी हर्षलला सर्व सांगितले. तुमच्या पत्रातले, आणि माझे.

तो अग्नीकडे पाहत होता. मग म्हणाला, “मले काऊन नाई सांगतलं तिनं? मी रोज फोन करत होतो.”

मी म्हणालो, “तुला काळजी नको म्हणून. मला सांगावयास ती आली होती.”

“अन् तुम्ही…”

“हात वर केला.”

तो उठून कठड्यापाशी गेला. अर्पिता त्याच्या मागोमाग गेली. त्याच्या पाठीवर तिने हात ठेवला तो त्याने झटकला नाही. माझ्याशी तो दुपारपर्यंत बोलला नाही. ते योग्यच झाले.

मी एकटा बसलो होतो. वारा फिरला आणि विवराची धग इकडे आली. छकुली येऊन समोर उभी राहिली, म्हणाली, “आजोबा, तुम्ही असं का करताय? कोणाला थांबवताय?”

तेव्हा मी पाहिले. धग चेहऱ्याला लागू नये म्हणून माझा उजवा हात वर गेला होता. तळवा पुढे, बोटे जुळलेली. तोच हात, अक्का.

मी तो खाली घेतला. धग तोंडावर आली. मी तोंड फिरवले नाही आणि मनात म्हणालो, ‘बोल. काय म्हणत होतीस?’ मग ऐकत बसलो. पुष्कळ वेळ. आवाज अग्नीचाच होता. या बेटाच्या आकाशात कावळा नव्हता, आणि मी तो शोधलाही नाही.

दुपारी दोनच्या आत पर्वत आपोआप निवला. परतताना गाडीत हर्षल म्हणाला, “बाबा, समुद्रात जाणारा नाही दिसला.” मी म्हणालो, “नाही दिसला.” थोड्या वेळाने तो म्हणाला, “भूक लागली का तुम्हाला?” मी हो म्हणालो. लागली नव्हती.

आता पुढचे. श्रावणात सप्ताह आहे, आणि लगेच वर्षश्राद्ध. आसनावर मीच बसेन. पोथी सोडणार नाही असा माझाही एक शब्द तेथे पडला होता, कावळ्याने घेतला नसला तरी. मौन मात्र धरणार नाही. पहिल्या दिवशी, पोथी उघडण्यापूर्वी, कोकिळा कशी गेली ते मी खरे सांगेन. ती त्रास न होता गेली नाही. तिला दोन महिने त्रास होता, आणि तिने तो सांगण्याचा यत्न केला होता. ज्या बायांनी माझे खोटे ऐकून डोळे पुसले, त्यांनी हेही ऐकावे. त्यांच्यापैकी कोणी ओट्यावर बसत असेल, श्वास पुरत नसेल. ती उठून दवाखान्यात गेली तर सप्ताहाचे सार्थक झाले असे मी समजेन. त्या दिवशी तुम्ही पुढच्या रांगेत बसावे. चुकलो तर टोकावे.

आज सायंकाळी स्नान करून तिच्या नावाने पाणी सोडले. संकल्पात देशाच्या जागी या बेटाचे नाव घेतले. उच्चार अशुद्ध झाला असेल.

हे पत्र डिंपलने वाचावे. तिच्यापासून लपवण्याजोगे आता काही उरले नाही. तुमच्या वयाला ओट्यावर बसण्याची वेळ आली तर घरात एकीला ठाऊक असलेले बरे. भिमाबाईंनाही ऐकवावे.

आणि हे जे वाचतील, जे ऐकतील, ज्यांच्या हाती हा कागद उद्या कधी लागेल, त्या सर्वांचे कल्याण असो. त्यांच्या घरी त्यांच्यापुढे कोणी पेला ठेवून क्षणभर उभे राहिले, तर त्यांची मान वर होवो, त्यांचा हात खालीच राहो, आणि समोरच्याचे बोलणे त्या दिवशीच पुरे होवो. शुभं भवतु.

तुमचा,
अर्जुन